बाटलीआधी तळाचा गाळ पाहा



मध्यंतरी आपट्याला ग्रामपंचायतीच्या ओट्यावर खरिपाच्या बियाण्याची यादी करत बसलो होतो. खाडीपट्ट्यातल्या एका गावचा तरुण मोटारसायकलवरून आला, मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "सायेब, ही समुद्रकाकडी. चीनमध्ये लोक तळ्यात वाढवतात. किलोला हजारो रुपये भाव आहे म्हणे. आपल्या खाजणात होईल का?"

आधी त्याचे उत्तर देऊन टाकतो, कारण हा व्हिडिओ आणखी पुष्कळांनी पाहिला असेल. समुद्रकाकडी ही भाजी नव्हे. समुद्राच्या तळाशी राहणारा, मऊ अंगाचा, काकडीसारखा लांबट असा तो प्राणी आहे. तो तळाचा गाळ गिळतो, त्यातले कुजके पदार्थ आणि सूक्ष्मजीव पचवतो आणि उरलेली माती मागे टाकतो. आपल्या शेतात गांडूळ जे काम करते तेच हा समुद्राच्या तळाशी करतो. चीनच्या शांडोंग आणि लिआओनिंग प्रांतांत त्याची मोठी शेती आहे. आपल्या देशातही तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८८ साली त्याचे बीज तयार करून दाखवले होते. पण २००१ सालापासून सगळ्या समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. पकडणे, बाळगणे, विकणे, सगळाच गुन्हा. तेव्हा बीज देतो, करार करतो असे सांगून कोणी आगाऊ रक्कम मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका.

पोरगा हिरमुसला. मग जाता जाता म्हणाला, "पण सायेब, त्यांच्याकडे रोग येत नाय का? आपल्या कोळंबीला तर दर वर्षाला काहीतरी आहेच." हा प्रश्न मात्र लाखाचा होता. त्याच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

रोग येतो. तिकडेही येतो, आणि कसा येतो ते समजून घेतले तर आपल्या कोळंबीचे गणित निम्मे सुटते. चीनच्या तळ्यांत समुद्रकाकडीला कातडीवर व्रण पडणारा एक रोग होतो. तोंड सुजते, प्राणी तळाला धरून राहत नाही, पोटातली आतडी बाहेर टाकतो, अंगावर पांढरे चट्टे पडतात आणि शेवटी सगळा देह शेंबडासारखा विरघळतो. या रोगात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू सापडतात. पटकी म्हणजे कॉलरा ज्याने होतो तो जिवाणू याच घराण्यातला. आता गंमत अशी की, हेच जिवाणू निरोगी तळ्याच्या पाण्यात आणि गाळातही असतात. ते बाहेरून आलेले चोर नाहीत, घरातच राहणारे आहेत. तळ्यात प्राण्यांची दाटी झाली, पाणी एकदम तापले किंवा गार पडले, तळाशी सडका गाळ साठला, की त्यांची संख्या वाढते आणि दुबळ्या झालेल्या प्राण्यावर ते चालून जातात. २०१८ च्या उन्हाळ्यात लिआओनिंगमध्ये उष्णतेची लाट आली तेव्हा तळीच्या तळी मेली. तेव्हा मूळ कारण पाण्याची उष्णता हे होते, नवा जंतू नव्हे.

तिथल्या संशोधनातून आणखी एक गोष्ट पुढे आली. निरोगी प्राण्याच्या आतड्यातले सूक्ष्मजीव आणि आजारी प्राण्याच्या आतड्यातले सूक्ष्मजीव यांची जातकुळी वेगवेगळी निघते. आतड्यात चांगल्या जिवाणूंची वस्ती असेल तर वाईटाला जागा मिळत नाही. आणि ही आतड्यातली वस्ती बरीचशी येते कुठून, तर ज्या गाळावर तो प्राणी जगतो त्या गाळातून. आपल्या घरी दुधाला विरजण लावतात तसेच हे आहे. विरजण चांगले असेल तर दही लागते, नाहीतर दूध नासते. जिवाणू दोन्हीकडे असतातच, प्रश्न एवढाच की भांड्यावर राज्य कोणाचे.

आता आपल्याकडे या. आपट्याहून पाताळगंगेच्या काठाने खाली खारपाड्याकडे उतरले की पाण्याला खारेपणा लागतो, आणि पुढे धरमतरच्या खाडीपर्यंत खाजणे पसरलेली आहेत. कोणाच्या तळ्यात जिताडा आहे, कोणाच्या खाजणात कोळंबी आहे. मी पदविका घेतलेला शेतीचा माणूस, मासळीचा तज्ज्ञ नाही. पण ज्यांच्या भाताला मी सल्ला देतो त्यांचीच ही खाजणे आहेत. खारबंदिस्ती फुटली, उधाणाचे पाणी शेतात शिरले, भात गेले, म्हणून कित्येकजण कोळंबीकडे वळले. तेव्हा हा विषय माझ्या खात्याचा नाही म्हणून हात झटकणे मला जमत नाही.

कोळंबीच्या रोगांची जंत्री मोठी आहे, पण सगळ्यांना एका मापाने मोजू नये. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग हा विषाणूचा. आपल्या देशाच्या किनाऱ्यावर तो १९९४ पासून आहे आणि त्याने तेव्हा वाघी कोळंबीची अक्षरशः वाट लावली. कवचावर पांढरे ठिपके दिसले की तीन ते दहा दिवसांत तळे रिकामे. यावर औषध नाही, पुन्हा सांगतो, औषध नाही. हा विषाणू चिंबोरीच्या आणि इतर कवचधारी प्राण्यांच्या अंगातून प्रवास करतो. बांधाला बिळे पाडणारी चिंबोरी एका तळ्यातून दुसऱ्यात जाते तेव्हा आपल्याबरोबर काय घेऊन जाते याचा विचार करा. म्हणून बांधावर बारीक जाळीचे कुंपण आणि पाणी आत घेताना गाळण हाच त्याच्यावरचा इलाज.

दुसरा एक रोग मारत नाही, पण कंगाल करतो. त्याला शास्त्रज्ञ ईएचपी म्हणतात. बुरशीच्या कुळातला हा अतिसूक्ष्म परजीवी थायलंडमध्ये २००९ साली ओळखला गेला आणि पुढे आपल्या देशातही पोचला. कोळंबी मरत नाही, खाते, पण वाढत नाही. एकाच तळ्यात बोटाएवढी एक आणि करंगळीएवढी दुसरी. खाद्याचे बिल मात्र पूर्ण. याचे बीजाणू विष्ठेतून गाळात उतरतात आणि तिथे चिवटपणे टिकतात. तज्ज्ञ सांगतात की पीक काढल्यावर तळ पूर्ण वाळवून हेक्टरी सहा टन कळीचा चुना जमिनीत नांगरून मिसळावा, म्हणजे मातीचा सामू बारापर्यंत चढतो आणि बीजाणू मरतात. सहा टन ऐकून डोळे पांढरे होतात हे मला माहीत आहे. म्हणूनच तपासलेले बीज घेणे हे शेवटी स्वस्त पडते.

आणि तिसरा आपला व्हिब्रिओ. याच्यावरच मला आज सविस्तर बोलायचे आहे, कारण इथे आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतो. मीही मारून घेतला आहे. म्हणजे पाय दुसऱ्याचा होता, धोंडा माझा.

खाडीकाठच्या एका गावात एक गृहस्थ आहेत. पन्नाशी उलटलेली, मी त्यांना आबा म्हणतो. वर्षानुवर्षे नापीक पडलेल्या खाजणात त्यांनी रीतसर नोंदणी करून एक एकराचे तळे केले. पहिले पीक उत्तम आले. दुसऱ्या पिकात मर झाली. तिसऱ्याच्या आधी त्यांनी मला विचारले, "सायेब, काय करू?" माझ्याकडे एक छापील पत्रक होते. त्यात होते की पाणी निर्जंतुक करा. मी छातीठोकपणे सांगितले, ब्लीचिंग पावडर मारा, एक जंतू ठेवू नका. एक एकर तळे, एक मीटर पाणी, म्हणजे चाळीस लाख लिटर. दहा पीपीएम म्हटले तरी चाळीस किलो माल लागतो, आणि आबांनी त्याच्या कितीतरी पट मारला. पाणी नळाच्या पाण्यासारखे स्वच्छ झाले. तळाचा काळा गाळ मात्र घाईत तसाच राहिला होता, तोही मी नजरेआड केला. क्लोरीन उडून गेल्यावर तीन दिवसांत बीज सोडले. पंचविसाव्या दिवशी ट्रेमध्ये मेलेली कोळंबी यायला लागली. नमुना तपासायला पाठवला, तर व्हिब्रिओचे प्रमाण भरमसाट.

"सगळे जंतू मारले होते ना सायेब?" आबांनी विचारले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागले.

नंतर वाचले तेव्हा उलगडा झाला. २००९ च्या सुमारास चीनमध्ये आणि त्यानंतर व्हिएतनाम, मलेशिया, थायलंड, मेक्सिकोमध्ये बीज सोडल्यावर महिन्याभरात कोळंबी मरण्याचा मोठा रोग आला. २०१३ साली अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठाच्या डोनाल्ड लाइटनर यांच्या पथकाने शोधून काढले की याला कारण व्हिब्रिओचीच एक जात आहे. तिच्यात विष तयार करण्याची कृती एका सुट्या गुणसूत्री कड्यावर लिहिलेली असते, आणि एकाने दुसऱ्याच्या खिशात चिठ्ठी सरकवावी तशी ती कृती एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाते. पुढच्याच वर्षी बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी एक परखड मुद्दा मांडला. तळी बीज सोडण्याआधी निर्जंतुक करण्याची पद्धतच या रोगाला हातभार लावत असावी, असे त्यांचे म्हणणे.

का ते शेतकऱ्याला मी एका वाक्यात सांगू शकतो. नांगरून, साफ करून रान मोकळे सोडले तर पहिल्या पावसानंतर त्यात काय उगवते? भात उगवत नाही, तण उगवते. व्हिब्रिओ हे पाण्यातले तण आहे. अन्न मिळाले की तो इतर जिवाणूंपेक्षा झपाट्याने वाढतो. ब्लीचिंगने चांगले-वाईट सगळे मेले, मेलेल्या शेवाळाचे आणि जिवाणूंचे खत झाले, रान मोकळे पडले, आणि मग जो सगळ्यात जलद वाढतो त्याने ते बळकावले. आम्ही आबांच्या तळ्यात व्हिब्रिओची पेरणीच करून ठेवली होती म्हणा ना.

याचा अर्थ ब्लीचिंग वाईट असा कृपा करून घेऊ नका. पांढऱ्या ठिपक्याचा विषाणू आणि त्याला वाहून नेणारे जीव मारायला ते लागतेच. चूक झाली ती पुढे. ब्लीचिंग मारल्यावर रान मोकळे ठेवायचे नसते. क्लोरीन उडून गेल्यावर तांदळाचा कोंडा आणि गूळ आंबवून, त्यात चांगल्या जिवाणूंचे विरजण घालून ते पाण्यात सोडायचे, आठ-दहा दिवस थांबायचे, पाण्याला हिरवट-तपकिरी रंग चढू द्यायचा आणि मगच बीज सोडायचे. स्वच्छ काचेसारखे पाणी पाहून आपण खूश होतो, पण कोळंबीच्या दृष्टीने ते रिकामे घर असते आणि रिकाम्या घरात कोण शिरेल याचा भरवसा नसतो. आबांनी हे आठ दिवस थांबायला हवे होते आणि मी ते सांगायला हवे होते.

आता गाळाकडे वळतो. खाद्य हा कोळंबीच्या खर्चातला सगळ्यात मोठा वाटा. समजा एक एकर तळ्यात दिवसाला तीस किलो खाद्य टाकले आणि त्यातले पाचच किलो न खाता तळाशी गेले. साठ दिवसांत झाले तीनशे किलो. तीनशे किलो पेंड तुमच्या अंगणात ओली करून ठेवली तर काय वास सुटेल? तेच तळ्याच्या तळाशी होते, फक्त वरून दिसत नाही. तिथे प्राणवायू संपतो, गाळ काळा पडतो, काठीने ढवळला तर सडक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड वायू. कोळंबी ही तळाशी चालणारी, तिला पळून जायला जागा नाही. तिचे अंग दुबळे होते आणि त्याच गाळात व्हिब्रिओला मेजवानी मिळते. म्हणून चेक ट्रे रोज पाहा. ट्रेमध्ये खाद्य उरले तर पुढचे कमी करा. "माल वाढला पाहिजे, टाका अजून दोन किलो" असे सांगणारा बहुतेक खाद्य विकणारा असतो.

घरातल्या बायकांना एक विचारा. कोळंबी सोलताना पाठीतला काळा दोरा काढून टाकतात ना? ते तिचे आतडे. तळ्यातून जिवंत कोळंबी काढून उजेडात धरा. दोरा भरलेला, सलग दिसला तर ती खाते आहे. तुटक किंवा रिकामा दिसला, डोक्यातला तपकिरी भाग फिका आणि आक्रसलेला दिसला, पाण्यावर पांढऱ्या दोऱ्या तरंगताना दिसल्या, तर त्याच दिवशी खाद्य कमी करा, पंखे वाढवा आणि नमुना तपासणीला द्या. मर सुरू व्हायची वाट पाहू नका. रात्री अंधारात तळे ढवळले की हिरवट-निळी चमक दिसते असे कोणी कोणी सांगतात. तिला भुताटकी समजायचे कारण नाही आणि शोभा समजायचेही नाही. पाण्यात चमकणारे जीव आणखीही असतात, पण व्हिब्रिओचीही एक जात चमकते, आणि ती एकटी-दुकटी असताना चमकत नाही. पुरेशी संख्या जमली हे त्या जिवाणूंना एकमेकांच्या स्रावावरून कळते आणि मग सगळे मिळून उजेड पाडतात. गावात मोर्चा जमल्याशिवाय घोषणा सुरू होत नाहीत, तसेच. चमक दिसली तर पाणी तपासून घ्या.

मग बाटल्यांचे काय? खाडीकाठच्या गावात आता औषधवाले फिरतात. एकाच्या पिशवीत अँटिबायोटिक, दुसऱ्याच्या पिशवीत प्रोबायोटिक. पहिल्याला दारातूनच परत पाठवा. अँटिबायोटिक चांगल्या जिवाणूंनाही मारते, म्हणजे पुन्हा तेच मोकळे रान. आणि जे वाचतात ते औषधाला दाद न देण्याची चिठ्ठी एकमेकांना देतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान तर बंदीच असलेली औषधे. परदेशच्या बंदरात त्यांचा अंश सापडला की अख्खा माल परत येतो, आणि तो फटका शेवटी भावाच्या रूपाने तळ्यावरच बसतो. दुसऱ्याला म्हणजे प्रोबायोटिकवाल्याला उभे करून तीन प्रश्न विचारा: कोणता जिवाणू, ग्रॅममध्ये किती जिवंत, मुदत कधीपर्यंत? भाताला ॲझोटोबॅक्टर घेताना आपण पाकीट उन्हात ठेवलेले घेत नाही, तसेच इथे. आणि तळाशी तीनशे किलो पेंड सडत असताना वरून बाटलीभर जिवाणू ओतून काही होत नाही. उकिरड्यावर तुळस लावल्यासारखे ते आहे.

इथवर झाली एका तळ्याची गोष्ट. आबांच्या तळ्याची गोष्ट मात्र एका तळ्यावर थांबली नाही, आणि मला खरे भांडायचे आहे ते याच्यासाठी.

मर सुरू झाल्यावर आबा घाबरले. लोकांना कळले तर नाव जाईल, व्यापारी उरलेल्या मालाचा भाव पाडेल. त्यांनी रात्री ओहोटीच्या वेळी उघाडी उचलली आणि मेलेल्या कोळंबीसकट पाणी खाडीत सोडले. पुढच्या भरतीला खालच्या अंगाच्या दोघांनी त्याच खाडीचे पाणी आपल्या तळ्यात घेतले. आठवडाभरात तिथेही मर. त्या दोघांपैकी एक आबांचे चुलतभाऊ. आज त्या घरांत बोलणे नाही. गणपतीलाही एकमेकांकडे गेले नाहीत.

दोष कोणाचा? आबांनी चूक केली हे उघड आहे. मेलेले तळे बंद ठेवून, त्यात ब्लीचिंग मारून, काही दिवस थांबूनच पाणी सोडायला हवे होते. व्हनामेई कोळंबीच्या तळ्याला तर सांडपाण्यासाठी वेगळे तळे हवे असा तटवर्ती जलकृषी प्राधिकरणाचा नियमच आहे. पण दोष एकट्या आबांवर टाकून गाव मोकळे होऊ शकत नाही. खाडी एक, भरती एक, ओहोटी एक, आणि रोग लपवण्याची सवयही सगळ्यांची एक. कारखान्यांकडे बोट दाखवणे सोपे आहे. पाताळगंगेच्या पाण्याबद्दलच्या तक्रारी जुन्या आहेत, त्या करायच्याच आणि लेखी करायच्या. दूषित पाण्याने कोळंबी दुबळी होते, त्यात शंका नाही. पण शेजाऱ्याच्या उघाडीतून आलेला रोग कोणत्या कारखान्याच्या नावावर लिहायचा?

जुन्या कुलाबा जिल्ह्यात खारजमिनीवर शिलोत्री पद्धत होती. समुद्राकडचा बाहेरचा बांध राखायची जबाबदारी शिलोत्रीदाराची, आणि त्याबदल्यात कुळांनी त्याला धान्याचा जादा वाटा द्यायचा. पद्धत जुलमाची होती की न्यायाची हा वाद वेगळा. पण बांध एकाच्या शेतापुढे फुटला तरी पाणी सगळ्यांच्या शेतात जाते, ही समजूत तिच्या मुळाशी होती. पुढे १९७९ साली खारभूमी विकासाचा कायदा आला, त्याच्याही मुळाशी तेच. आज बांधाइतकाच खाडीचा पाणवठा सामाईक आहे, पण त्याचा कोणी धनी नाही.

म्हणून सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, पण गावाच्या तोंडी जुनेच नाव आहे) माझे सांगणे आहे. कोळंबीचा विषय "खाजगी धंदा" म्हणून ग्रामसभेच्या बाहेर ठेवू नका. आपल्या हद्दीत किती तळी, कोणाची नोंदणी झाली, कोणाची नाही, याचे एक पान तरी दप्तरी असू द्या. एका उघाडीवरची सगळी तळी एकाच पंधरवड्यात बीज सोडतील आणि पीक काढल्यावर एकदमच वाळत पडतील, असे आपसात ठरवा. तुडतुड्यांसाठी एका शेताने फवारून भागत नाही हे आपल्याला भातावरून कळलेले आहे. मर दिसली की चोवीस तासांत शेजारच्या तळेवाल्यांना कळवायचे आणि उघाडी बंद ठेवायची, एवढा एक ठराव करा. ज्याने कळवले त्याला टोमणे मारायचे नाहीत, हेही ठरावातच लिहा. ते जास्त महत्त्वाचे आहे. लोक रोगाला जेवढे भितात त्याहून जास्त चारचौघांत नाव जायला भितात.

आणि अधिकारी मंडळींना, त्यात मीही आलो, एक विचारायचे आहे. शेती एका खात्याकडे, मासळी दुसऱ्याकडे, खारबंधारा तिसऱ्याकडे. खाजणाचा शेतकरी तिन्ही दारांतून फिरतो आणि शेवटी औषधवाल्याच्या दारात जातो, कारण तो तेवढा घरी येतो. वर्षातून दोनदा, बीज सोडण्याआधी आणि पीक काढल्यावर, तिन्ही खात्यांचे लोक एकाच दिवशी एकाच बांधावर उभे राहिले तर काय बिघडेल? प्रवासभत्त्याचा प्रश्न असेल तर मी माझ्या मोटारसायकलवर एकाला आणतो.

एक शेवटचा मुद्दा, आणि तो खास माझ्या विषयातला आहे. आपण शेतात फेरपालट करतो. तळ्यात का नाही? केरळात पोक्कळी नावाची पद्धत आहे. पावसाळ्यात खाऱ्या जमिनीत क्षार सोसणारे भात, आणि नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत त्याच जागी कोळंबी. गोव्याच्या खाजणांतही भात आणि मासळी अशीच एकाआड एक घेत आले आहेत. पावसाच्या गोड्या पाण्याने क्षार धुतले जातात, समुद्रातले जिवाणू त्या पाण्यात तग धरत नाहीत, भाताची मुळे गाळात हवा नेतात, साठलेले खत पीक उचलते, आणि भाताची धसकटे कुजून पुढच्या कोळंबीला नैसर्गिक खाद्य तयार होते. दाट कोळंबीइतका पैसा त्यात नाही, हे मान्य. पण दर दुसऱ्या वर्षी तळे बुडण्यापेक्षा बरे. आपल्या पनवेललाच कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र आहे आणि तिथून निघालेल्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या खाऱ्या जमिनीच्या भातजाती आपल्या परिचयाच्या आहेत.

आबांनी यंदा कोळंबी सोडली नाही. उन्हाळ्यात तळाचा काळा गाळ खरवडून बांधाच्या आतल्या अंगाला टाकला आणि तळाला तडे जाईपर्यंत ऊन दिले. मृगाच्या पावसाचे पाणी तीन वेळा साठवून, ढवळून बाहेर काढले. तळ्याच्या अर्ध्या भागात आता भात लावले आहे. पहिल्या वर्षी पीक निम्मेच येईल हे मी त्यांना आधीच सांगितले आहे. या वेळी छातीठोकपणे काही बोललो नाही. परवा गेलो तेव्हा लावणी नुकतीच झाली होती. रोपे पिवळट दिसत होती, पण उभी होती. पाणी काढायचे म्हणून आबांनी उघाडीला हात घातला, आणि मग थांबून नातवाला म्हणाले, "जा रे, आधी खालच्या काकांना सांगून ये, पाणी सोडतोय म्हणून."